मदत हवी आहे : चिकमगळूरला आई-अण्णांना घेऊन जायचंय

नमस्कार मंडळी, मी लातूरचा. डिसेंबरात आई-अण्णांना कर्नाटकातल्या चिकमगळूरला न्यायचंय, पण पळापळ करायची नाही. मुळ्ळय्यनगिरीचं सुमारे १९३० मीटरचं शिखर लांबून दिसलं तरी पुरे, अण्णांचे गुडघे पायऱ्या चढू देणार नाहीत.

त्यांना शेती बघायचीय. जन्म सोयाबीन-तुरीत गेलेला. सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी, त्याच झाडाच्या खोडावर चढवलेली मिरी, वर लाकडाचे पैसे वेगळे, हे गणित कसं बसतं ते मळेवाल्याच्याच तोंडून ऐकायचंय. डिसेंबरात अरेबिका जातीच्या कॉफीची तोडणी चालू असते. लाल फळं तोडणं, साल-गर काढणं, अंगणात बिया वाळत घालणं हे जवळून बघू देणारा घरगुती होमस्टे कुणाला माहीत आहे का? रिसॉर्ट नको. सकाळी फिल्टर कॉफी घेऊन निवांत ओट्यावर बसता आलं की झालं. (आई चहाची पुडी सोबत नेणारच, ते सोडा.)

सूफी संत बाबा बुडन यांनी येमेनहून कॉफीच्या सात बिया आणून जिथं लावल्या असं सांगतात, त्या बाबाबुडनगिरीवर वरपर्यंत गाडी जाते का? आणि कडूर स्टेशनवरून पुढं बस बरी की टॅक्सी? पहाटेची थंडी सत्तरीच्या माणसांना सोसेल का, तेही सांगा.