मदत हवी आहे: वाळवंटातील अकीकावरचा पांढरा थर कसा काढावा?

नमस्कार. समुद्रकिनारी व नदीपात्रात सापडणारे अकीक (अगेट, म्हणजे उजेड झिरपू देणारा कठीण गारगोटीसारखा दगड) पाण्याने घासून गुळगुळीत झालेले असतात, त्यामुळे ओला खडा उन्हासमोर धरला की त्यातून उजेड झिरपतो आणि जॅस्पर या तशाच पण अपारदर्शक दगडापासून तो सहज वेगळा ओळखता येतो. उंचावरच्या कोरड्या वाळवंटात वेचलेल्या खड्यांवर मात्र खडबडीत पांढरा थर आहे. त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकताच बारीक बुडबुडे आले, म्हणजे तो चुन्याचा असावा. खालच्या तांबूस दगडावर पोलादी चाकूने ओरखडा उमटत नाही, उलट चाकूचीच करडी रेघ राहते. असे खडे व्हिनेगरमध्ये किती दिवस भिजवावेत, आणि भेगांमधील लोहाचा सुंदर तांबडा रंग त्यामुळे फिका पडेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.