मदत हवी आहे: आईच्या आय-९४ वर चुकीची तारीख

आईबाबा १२ मार्चला न्यू जर्सीला आले, माझ्या बाळंतपणासाठी. दोघांचाही बी-२ (पर्यटक) व्हिसा. विमानतळावर दोघं इमिग्रेशनच्या एकाच खिडकीवर गेले, अधिकाऱ्याने सहा महिने देतो म्हणून सांगितलं आणि दोघांच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यात पेनने ११ सप्टेंबर लिहिलं. काल सरकारी साइटवरून दोघांचे आय-९४ (अमेरिकेत कधी आले आणि कधीपर्यंत राहता येईल याची नोंद) काढले. बाबांचा बरोबर आहे, आईच्या आय-९४ वर मात्र ११ जून! टाइप करताना ०९ च्या जागी ०६ पडलं असणार. (आम्ही डिंकाच्या लाडवांवरून कस्टमवाले अडवतील या धास्तीत होतो, घोळ झाला तो भलतीकडेच.)

मला डॉक्टरांनी जूनअखेरची तारीख दिली आहे, म्हणजे ऐन वेळी आई नाही.

ओळखीतले म्हणतात, व्हिसा दहा वर्षांचा आहे, कसली काळजी? हे काही पटत नाही. किती दिवस राहायचं ते आय-९४ वर ठरतं, आणि त्यापुढे एक दिवस राहिलं तरी तो व्हिसा बाद होतो. एक काका आय-१०२ (आय-९४ बदलून मागायचा फॉर्म) भरायला सांगतायत. दुसरे म्हणतात, आय-५३९ भरून मुदतवाढ घे. त्याची फी चारशे डॉलरच्या वर. चूक त्यांची नि भुर्दंड आम्हाला?

विमानतळावरच्या डेफर्ड इन्स्पेक्शनमध्ये (प्रवेशाच्या नोंदीतल्या चुका नंतर सुधारणारं ऑफिस) हे दुरुस्त होतं असं वाचलं. कुणी केलंय का? ईमेलवर भागतं की आईला न्यावंच लागतं? तिला इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो.

प्रतिसाद:
आमच्या सासऱ्यांच्या आय-९४ वर बी-२ ऐवजी बी-१ (कामासाठी येणाऱ्यांचा व्हिसा) पडलं होतं. डेफर्ड इन्स्पेक्शनच बरोबर, फी नाही. आय-१०२ च्या नादी लागू नका. विमानतळावर झालेली चूक त्या फॉर्मने सुधारत नाहीत. आधी ईमेल करून बघा: पासपोर्टचं पहिलं पान, व्हिसा, शिक्क्याचा स्वच्छ फोटो आणि आय-९४. आमचं त्यावरच झालं, पण काही ऑफिसं माणूस समोर हवा म्हणतात. तसं झालं तर तुम्ही सोबत जा. बाबांचा आय-९४ ही जोडा, एकाच दिवशीचा आहे म्हणून उपयोगी पडेल. मात्र एप्रिल संपेपर्यंत दुरुस्ती झाली नाही, तर मन घट्ट करून आय-५३९ भरून टाका. तो ११ जूनच्या आत पोचायलाच हवा.