'कोस्टल बॅटरी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या, भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाच्या लढाईवर मराठीत लेख लिहिते आहे. २६ जुलै १९४१ च्या पहाटे इटलीच्या नौदलाने वेगवान बोटी घेऊन तिथल्या ग्रँड हार्बर या बंदरावर हल्ला चढवला आणि बंदराच्या तोंडावरच्या सेंट एल्मो किल्ल्यातल्या तोफांनी तो मोडून काढला. अशा ठाण्याला 'कोस्टल बॅटरी' म्हणतात. 'किनारी तोफखाना' लिहू की 'मोर्चा'? 'सिक्स पाउंडर ट्विन' आणि 'एक्स्प्लोझिव्ह मोटरबोट' यांपाशीही अडले आहे.

उत्तर : 'तोफखाना' इथे फार मोठा होतो. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचा तो तोफखाना, आणि आजच्या लष्करातले ते सबंध दल. बॅटरी हा त्यातला एक छोटा गट. 'मोर्चा' जुना आणि भारदस्त आहे, पण 'किल्ल्याला मोर्चे लावले' म्हणताना मोर्चा बहुधा वेढा घालणाऱ्याचा असतो. इथे तर बंदर राखणाऱ्यांच्या तोफा आहेत. शिवाय आजच्या वाचकाला आधी झेंडे आणि घोषणाच दिसतील. माझे स्पष्ट मत, 'बॅटरी'च ठेवा. आपल्याकडचे तोफखान्यातले जवानही बॅटरीच म्हणतात. पहिल्यांदा 'किनारी तोफांची बॅटरी' लिहा, पुढे नुसते बॅटरी.

'सहा पौंडी'बद्दल मात्र जपून. हे वजन तोफेचे नव्हे, गोळ्याचे, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास. नळीचे तोंड ५७ मिलिमीटर. 'तोफ' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुलूखमैदान येते, म्हणून हा आकार वाक्यातच सांगून टाका. 'ट्विन'साठी तर आपल्याकडे तयार शब्द आहे : दुनळी. दुनळी बंदूक सगळ्यांना ठाऊक आहे, मग दुनळी तोफ का नको? दोन नळ्या शेजारी-शेजारी, एकाच गाड्यावर, आणि सरावलेले गोलंदाज मिनिटाला सुमारे ७० गोळे सोडत. हा वेग हेच तिचे मर्म. माल्टावर ९.२ इंची अवजड तोफाही होत्या, पण त्या दूरच्या युद्धनौकांसाठी. पाण्यावर सुसाट येणाऱ्या छोट्या बोटीपुढे त्यांचा जड गोळा आणि संथ भरणी काय कामाची?

आणखी एक उत्तर : 'दुनळी'ला माझाही दुजोरा. 'गोलंदाज'ही जरूर वापरा. क्रिकेटने घेण्याआधी तो तोफ डागणाराच होता, आणि सेंट एल्मोच्या तोफांवर होते ते रॉयल माल्टा आर्टिलरीचे, म्हणजे त्याच बेटावरचे लोक. त्यांना 'ब्रिटिश सैनिक' लिहून मोकळे होऊ नका. स्वतःच्या घरांसमोरचे बंदर ते राखत होते.

एक्स्प्लोझिव्ह मोटरबोटीला पुष्कळ जण 'आत्मघाती बोट' लिहितात. ते चूक आहे. बोटीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, सुमारे ३०० किलो स्फोटके असत. चालकाने नेम धरून सुकाणू पक्के करायचे, पाण्यात उडी टाकायची आणि रिकामी बोट लक्ष्यावर जाऊन आदळायची, अशी ती योजना. मार्च १९४१ मध्ये क्रीटच्या सुदा उपसागरात अशाच बोटींनी ब्रिटिशांची 'यॉर्क' ही क्रूझर निकामी केली, आणि चालक जिवंत हाती लागले. तेव्हा 'स्फोटक बोट' म्हणा.

माल्टात इटालियनांचा घात झाला तो पुलाशी. आत शिरायची वाट करण्यासाठी लाटरोधकाजवळच्या पुलाखालची जाळी उडवायची होती. स्फोटात पुलाचा लोखंडी गाळाच कोसळला आणि वाट उलट बंद झाली. त्यातच बोटींना घेऊन येणारे 'डायाना' जहाज आदल्या रात्रीच रडारवर दिसले होते, त्यामुळे गोलंदाज सावध होते. झोतदिवे लागले, बोटी उजेडात सापडल्या आणि काही मिनिटांत खेळ आटोपला.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. 'सर्चलाइट'ला 'शोधदिवा' लिहिणार होते, पण 'झोतदिवा' कानाला सरस वाटतो. पहिले वाक्य असे चालेल का? 'सेंट एल्मोच्या किनारी बॅटरीतल्या दुनळी तोफांनी स्फोटक बोटींना बंदराच्या तोंडाशीच गाठले.'

उत्तर : चालेल. फक्त 'किनारी तोफांच्या बॅटरीतल्या' असे पूर्ण लिहा, नाहीतर एखाद्याला विजेरी वाटेल.