सोसायटी ग्रुप: घाटात गाडी ओढत नाही, टर्बो गेला का?

बी-३०४: मंडळी, गाडीतलं कुणाला कळतं का? डिझेल आहे, बीएस४. काल खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरलाही ओढेना. मागे काळा धूर, बॉनेटखालून फुस्स आवाज, चेक इंजिनचा दिवा. गॅरेजवाला म्हणतो टर्बोच (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदला. आकडा इथे लिहवत नाही.

ए-१०२: डिझेलमध्ये भेसळ. पंप बदला.

सी-६०१: काका, भेसळीने फुस्स आवाज कसा येईल? बी-३०४, स्कॅनरवर बिघाडाचा कोड कोणता आलाय?

बी-३०४: पी०२९९.

सी-६०१: मग टर्बोवर लगेच खापर फोडू नका. हवा तेवढा दाब मिळत नाहीये, इतकंच तो कोड सांगतो. टर्बो ते इंटरकूलर (हवा थंड करणारा), तिथून मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा), या वाटेत कुठे पाइप चिरला किंवा क्लॅम्प सैल झाला तरी हाच कोड. हवा मधल्या मध्ये निसटते, डिझेल पडायचं तेवढं पडतं, म्हणून काळा धूर.

डी-२०३: आमच्या गाडीचाही पाइपच फाटला होता, पण धूर अजिबात नव्हता.

सी-६०१: ताई, तुमची बीएस६ ना? काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतल्या गाळणीत अडकते. धूर दिसत नाही, डीपीएफ मात्र लवकर भरतो.

बी-३०४: पण गाडी चालू ठेवून त्यांनी सगळे पाइप हाताने चाचपले. कुठेच काही नाही म्हणाले.

सी-६०१: आयडलला, म्हणजे जागेवर नुसती चालू असताना, कळणारच नाही, तेव्हा पाइपात दाब असतो कुठे! ओबीडी स्कॅनरवर एमएपी, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब बघा. पुण्यात इंजिन बंद, चावी ऑन असताना ९५ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेचाच दाब. आयडललाही फारसा फरक नाही. घाटात पाय दाबला की तो दुपटीकडे जातो, आणि मिटलेल्या ओठासारखी चीर तेव्हा उघडते.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठी वापरावा.

ए-१०२: टँकरचं बिल कधी टाकताय ते सांगा आधी.

बी-३०४: मग शोधायची कशी?

सी-६०१: आधी टॉर्च घेऊन पाइपांच्या खालच्या बाजू बघा. आत थोडा तेलाचा ओलावा असतोच, तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणाऱ्या नळीतून येतो. पण बाहेरून एकाच जागी ओलं आणि त्यावर धूळ बसलेली दिसली, तर ती जागा संशयित.

नाही सापडलं तर प्रेशर टेस्ट. फिल्टरकडून येणारा पाइप काढून टर्बोच्या तोंडावर घट्ट बूच बसवायचं, बुचात टायरचा व्हॉल्व्ह. इंजिन बंद. हळूहळू १० पीएसआय, फार तर १५. ब्रीदरची वाट बंद केलेली हवी, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) शिरून सील उचकटेल. मग प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. काटा थोडा उतरला म्हणून घाबरू नका, इंजिनाच्या उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधूनही हवा जाते. बुडबुडे बघायचे. आणि बुचासमोर तोंड नेऊ नका. सुटलं तर गोळीसारखं येतं. काढायच्या आधी हवा सोडायची.

डी-२०३: आणि व्हॅक्यूमची बारीक नळी? ती तडकली तरी टर्बो दाब देत नाही म्हणतात.

सी-६०१: बरोबर, ॲक्चुएटरची नळी, म्हणजे टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाची. पाइप ठीक निघाले तर पुढचा नंबर तिचाच. टर्बो सगळ्यात शेवटी.

बी-३०४: रविवारी सकाळी पार्किंगमध्ये याल का? चहा-पोहे माझ्याकडे.

सी-६०१: पोहे असतील तर येतो.

(रविवार)

बी-३०४: सापडलं! इंटरकूलरच्या खालच्या पाइपला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, बोटभर चीर. बाहेरून तेल पुसलं तरी दिसत नव्हती, हवा भरताच फेसच फेस.

सी-६०१: मागच्या वेळी कुणीतरी क्लॅम्प जीव खाऊन आवळला होता, त्याची पट्टी रबरात रुतली. टेप गुंडाळू नका, पहिल्याच चढाला सुटेल. नवा पाइप, नवे क्लॅम्प, आणि आठवडाभराने एकदा आवळ तपासा.

ए-१०२: म्हणजे डिझेल चांगलं होतं?

बी-३०४: हो काका.

सेक्रेटरी: कंप्रेसर कॉमन मीटरवर लावला होता का?

बी-३०४: नाही हो, टायरचा छोटा पंप, माझ्याच गाडीच्या बॅटरीवर. आणि जमिनीवरचा साबण धुतलाय.