मदत हवी आहे: फवारणीची विषबाधा, काल घरी आणलं, आज मान उचलत नाहीये

सिडकोवाला (गुरुवार, सकाळी ६.४०)

घाईत लिहितोय, चुका पोटात घाला.

माझे दाजी, वय ४४, बदनापूरच्या पलीकडे शेती. मंगळवारी कपाशीवर फवारा मारत होते. दुपारी चारच्या सुमारास बांधावर येऊन बसले. घामानं निथळत होते, उलट्या सुरू, डोळ्यांपुढे धुकं. ताईला वाटलं ऊन लागलं. लिंबूपाणी दिलं, तेही उलटलं. तोंडातली लाळ थांबेना तेव्हा भाच्यानं गाडीत घालून त्यांना थेट माझ्याकडे संभाजीनगरला आणलं. रात्री आठला एका खाजगी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत नेलं. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे बघितले, म्हणाले बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. अ‍ॅट्रोपीनची इंजेक्शनं, सलाईन, ऑक्सिजन. पहाटेपर्यंत घाम थांबला, छातीतली घरघर गेली. काल दुपारी आम्ही घरी आलो. संध्याकाळी वरण-भात खाल्ला, बातम्या बघितल्या.

आज पहाटे पाण्यासाठी उठवलं तर मान उशीवरून वर येईना. मी हातानं उचलली तर मागं पडली, लहान लेकराची पडते तशी. हात खांद्याच्या वर जात नाहीत. आवाज बारीक आणि नाकातून येतोय. शुद्धीवर आहेत, ताप नाही. ताई म्हणते इंजेक्शनांचा अशक्तपणा आहे, तेल लावून मालिश करू. ओपीडी दहाला उघडते. तोवर थांबलं तर चालेल का? कुणाला असा अनुभव?

रात्रपाळी (६.५२)

थांबू नका. मालिश नको, चहा नको, दहाची वाट तर अजिबात नको. आधी १०८ ला फोन लावा, मग पुढचं वाचा.

चौदा वर्षं कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. फवारणीच्या औषधानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान टाकणं हा अशक्तपणा नसतो. मानेचे, खांद्याचे स्नायू पहिल्यांदा जातात, त्यानंतर श्वासाचे. गाडी येईपर्यंत एवढंच करा: त्यांना एका दमात आकडे मोजायला सांगा आणि कुठपर्यंत जातात ते इथे लिहा. कुशीवर झोपवा. गिळता येतंय का बघायला म्हणून पाणी पाजू नका, ते फुफ्फुसात जाईल. औषधाचा डबा सोबत घ्या. गाडीवाल्याला सांगा, व्हेंटिलेटर असेल तिथंच न्यायचंय.

सुगरण (६.५८)

आमच्याकडे परभणीला अशा वेळी गाईचं तूप आणि ताक देतात. विष उतरतं. देऊन बघा, अपाय तर नाही.

रात्रपाळी (७.०१)

अपाय आहे. घशाचे स्नायू ढिले पडलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नसतं. शिवाय हे विष पोटातून गेलेलं नाही, कातडीतून आणि श्वासातून गेलंय. ताक तिथं कुठून पोचणार? राग मानू नका ताई, पण हा सल्ला इथून काढून टाका, कुणीतरी वाचून करेल.

सिडकोवाला (७.०६)

नऊपर्यंत मोजले आणि दम संपला. १०८ निघालीय. डबा शेतातच राहिलाय, पण भाच्यानं लेबलचा फोटो पाठवलाय. प्रोफेनोफॉस ४० टक्के, सायपरमेथ्रिन ४ टक्के.

रात्रपाळी (७.०८)

प्रोफेनोफॉस म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेट या गटातलं कीटकनाशक. कॅज्युअल्टीच्या दारात पोचल्या पोचल्या हे तीन शब्द बोला: ऑरगॅनोफॉस्फेट, छत्तीस तास, मान उचलत नाही. बाकीची कहाणी नंतर.

सिडकोवाला (दुपारी १.३५)

घाटीत (इथल्या सरकारी दवाखान्यात) आहोत. पोचलो तेव्हा ओठ निळसर पडायला लागले होते. नळी टाकली, व्हेंटिलेटरवर घेतलंय. तिथल्या निवासी डॉक्टरांनी ‘इंटरमीडिएट सिंड्रोम’ असं नाव सांगितलं. रक्तातलं कोलिनएस्टरेज १,१०० आलंय, कागदावर शेजारी नॉर्मल ५,३२० ते १२,९२० लिहिलंय. ताई बाहेर बाकावर बसलीय, काही बोलत नाहीये. हे नेमकं काय असतं, कुणी साध्या भाषेत सांगेल का? तिला समजवायचंय.

रात्रपाळी (२.२०)

मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत पोचवायला एक रसायन सुटतं. निरोप पोचला की ते रसायन साफ करणारा झाडूवाला म्हणजे हे कोलिनएस्टरेज. औषधानं झाडूवालाच धरून ठेवला की निरोप साचत जातो. म्हणून आधी सगळंच वाहतं: घाम, लाळ, डोळे, नाक, छातीत पाणी, जुलाब. अ‍ॅट्रोपीन हे वाहणं थांबवतं. पण ते स्नायूंच्या जोडावर काम करत नाही. तिथं निरोपांचा मारा चालूच राहतो आणि एक ते चार दिवसांत स्नायू थकून बसतात. पेशंट सुधारला असं वाटतं तेव्हाच नेमकं हे होतं. यावर वेगळं औषध नाही. स्नायू परत कामाला लागेपर्यंत मशीननं श्वास द्यायचा. आठवडा लागतो, कधी दोन-तीन. वेळेवर मशीन मिळालं तर बहुतेक जण उठतात, हे ताईंना नक्की सांगा.

आता एक विचारते. त्यांनी सोडलं होतं की तुम्ही आणलं होतं?

सिडकोवाला (३.४७)

आम्ही आणलं.

ते म्हणत होते, तीन दिवस आयसीयूत निगराणीखाली ठेवा. डिपॉझिट ऐकून दाजीच म्हणाले, मी आता ठणठणीत आहे, एवढ्यात कपाशीचं खत येतं. स्वतःच्या जबाबदारीवर नेतोय म्हणून कागदावर सही मी केली. पहिल्या पोस्टमध्ये लिहायला लाज वाटली.

आणखी एक. मंगळवारी मध्यरात्री दाजी पलंगावर हवेत बोटं फिरवत होते. अगदी कापूस वेचल्यासारखं, बोंडातून काढायचं आणि कमरेच्या ओटीत टाकायचं. ताईची सासू म्हणाली, बाहेरचं लागलंय, उतारा काढा. मीही घाबरलो होतो. घरी आणायची घाई त्यामुळेही झाली.

रात्रपाळी (४.३०)

ते बाहेरचं नव्हतं, अ‍ॅट्रोपीनचं होतं. डोस वर गेला की माणूस हवेत वेचतो, अंगावरची चादर ओढतो, चेहरा लाल होतो, तोंड कोरडं पडतं. आम्ही हे बघून डोस उतरवतो. कपाशीवाला कापूस वेचतो. एकदा आमच्याकडे एक शिंपीकाका होते, ते रात्रभर सुईत दोरा ओवत होते.

सहीबद्दल आत्ता स्वतःला खात बसू नका. अशा सह्या मी रोज बघते. शहरात फवारणीच्या केसेस कमी आणि घरातल्या जास्त, पण घोळ हाच. उंदराच्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असेल तर पहिला दिवस नुसती मळमळ, लिव्हर दोन-तीन दिवसांनी जातं. पॅरासिटामॉलच्या गोळ्या जास्त गेल्या तरी तेच. त्याचा उतारा पहिल्या आठ तासांत सगळ्यात चांगला लागू पडतो, आणि त्या आठ तासांत पेशंट गप्पा मारत बसलेला असतो. नातेवाईक म्हणतात, बरा दिसतोय, नेतो.

मोंढ्यातला (५.१०)

माझं कृषी सेवा केंद्र आहे, म्हणून विचारतो. मास्क, हातमोजे होते का? नुसतं अंगावर उडून एवढं चढत नाही सहसा. नोझल चोंदलं होतं का?

सिडकोवाला (५.४०)

आत्ता भाच्याला विचारलं. हो. नोझल दोनदा चोंदलं आणि दाजींनी तोंडानं फुंकून मोकळं केलं. रुमाल होता तोंडाला, तो फुंकताना खाली केला. पंपाचं झाकण गळत होतं, पाठ सगळी भिजली होती. आणि आता आठवतंय, त्या दवाखान्यात शर्ट काढला, पण बनियन तीच होती. घरी येऊन आंघोळ केली तोवर अंगावरच.

मोंढ्यातला (५.५५)

बघा. भिजलेली बनियन म्हणजे चोवीस तास चालू असलेली फवारणीच. आधी कपडे उतरवायचे, मग साबण आणि भरपूर पाणी. केस, कानामागं, नखं, कमरेचा करदोडासुद्धा. कपडे ताईंनी हातानं धुतले असतील तर त्यांनाही विचारा, डोकं दुखतंय का, मळमळतंय का.

आणि सगळ्यांसाठी: डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. विषबाधेची लक्षणं आणि उतारा तिथंच छापलेला असतो, पण अक्षर मुंगीएवढं. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीनं वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून मी गिऱ्हाईकाला डब्याचा फोटो काढून ठेवायला लावतो. हसतात, पण काढतात.

देवगिरी (रात्री ९.१५)

पोलीस आले होते का? आमच्याकडे एकदा शेजाऱ्याच्या बाबतीत त्या भीतीनंच दोन तास वाया घालवले होते लोकांनी.

सिडकोवाला (९.४०)

हो, जबाब घेऊन गेले. मजा म्हणजे त्यांनी ताईला विचारलं, “औषध घेतलं की मारलं?” ताई म्हणाली, “घेतलं, मोंढ्यातून घेतलं, साडेआठशे रुपयाचं.” हवालदारानं लगेच लिहायला सुरुवात केली, मी धावत जाऊन सांगितलं, विकत घेतलं हो, प्यायले नाहीत! आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात, काय करणार.

रात्रपाळी (९.५८)

हा गोंधळ आठवड्यातून एकदा तरी होतो.

देवगिरी, एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणजे पोलिसांकडे नुसती नोंद. उपचार आधी करायचे, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ सालीच सांगितलंय. आणि कुणी स्वतःहून प्यायलं असलं तरी लपवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा त्या माणसाला तीव्र तणावाखालचा मानतो, गुन्हेगार नाही. किती आणि कधी हे खरं कळलं तरच आम्हाला काही करता येतं. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस १४४१६, मराठीत बोलतात. आणि कोणतं विष, काय करावं असं कुठल्याही वेळी विचारायचं असेल तर दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र, १८०० ११६ ११७. चोवीस तास. डॉक्टरसुद्धा तिथं फोन करतात.

सिडकोवाला (पुढचा शनिवार, सायं. ६.०५)

नवव्या दिवशी नळी काढली! आज एका दमात सतरापर्यंत मोजले. मान उचलून ताईकडे बघितलं. आवाज घोगरा आहे. पहिलं वाक्य म्हणाले, “शेवटच्या ओळीचं फवारायचं राहिलं.”

डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन आठवडे पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा येतो का बघा, आणि कोलिनएस्टरेज भरून यायला वेळ लागतो, तोवर पंपाला हात नाही. ताईला दुसऱ्या दिवशी डोकेदुखी होती, तपासलं, ठीक आहे. बनियन फेकली.

रात्रपाळी ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एकच शंका राहिली. तो उरलेला अर्धा डबा आणि पंप शेतात नको म्हणून मी इकडे घेऊन आलो. पुरून टाकू का?

मोंढ्यातला (६.२०)

पुरू नका, जाळू नका, नाल्यात तर नकोच. मूळ डब्यातच झाकण घट्ट लावून कुलूपबंद ठेवा, आमच्याकडे आणून द्या किंवा कृषी सहाय्यकाला विचारा. आत्ता कुठं ठेवलाय?

सिडकोवाला (६.२४)

गाडीच्या डिकीत. ताईचा जेवणाचा डबा रोज त्याच गाडीतून नेतोय घाटीत.

रात्रपाळी (६.२५)

अहो, आधी तो डिकीतून काढा!