मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गिटारवर हाय गेनला (डिस्टॉर्शन वाढवून) मऊ लीड टोनसाठी पिकअप कोणता घेऊ?

गंगावेश_रिफ
गिटारचा पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक-कॉइल) बदलायचाय, जरा लवकर सांगा. गणपतीत आमच्या तालमीच्या स्टेजवर वाजवायचंय, हातात तीन आठवडे आहेत. गेन वाढवला की लीड (सोलोची धून) चिरकतं. पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर बेंड धरला की सूर लांबतच नाही, नुसती चरचर. कढईत मोहरी तडतडते तशी. मला सारंगीसारखा ओढलेला सूर पाहिजे. बजेट दहा हजार. डंकनचा जेबी की डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन?

सातवी_तार
गिटार कुठली? ब्रिजला (तारा जिथं बांधतात त्या टोकाला) दोन कॉइलचा हंबकर आहे की सिंगल कॉइल? वाजवतोस कशातून?

गंगावेश_रिफ
स्ट्रॅटच (स्ट्रॅटोकास्टर धाटणीची) आहे की. बाकी सगळं ठीक आहे, फक्त पिकअप सांगा.

लेड_बॉक्स
डोळे झाकून जेबी घे. रेझिस्टन्स १६ किलोओहमच्या वर भरतो, गेन धो धो येतो. माझ्या गिटारला सहा वर्षं तोच आहे.

सातवी_तार
किलोओहमवर टोन ठरत नाही. जेबीची तार बारीक असते, त्यामुळं आकडा फुगतो. आणि जेबी वरच्या मिड्समध्ये (मधल्या पट्टीच्या वरच्या भागात) बोचतो, ५०० के पॉटवर (नॉबमागच्या रेझिस्टरवर) तर जास्तच. याला मऊ सूर पाहिजे आणि तू नेमकं उलटं सांगतोयस.

लेड_बॉक्स
बोचतो म्हणूनच बँडमध्ये ऐकू येतो! मऊ मऊ करत बसला तर ढोलात बुडून जाईल.

उद्यमनगर_वाइंडर
नवीन कशाला घेता? आहे तोच गुंडाळून घ्या. माझं मोटर रिवाइंडिंगचं काम, हौसेनं दोन पिकअप गुंडाळलेत. तार ४२ गेज, केसाइतकी बारीक. मोटरच्या मशीनवर तुटते, बोटांच्या चिमटीतूनच सोडावी लागते. वेढे वाढवले की वरची धार कमी होते, सूर भरीव होतो. नंतर मेणात बुडवायचा, नाहीतर हाय गेनवर शिट्टी मारतो. मेण ६५ अंशांच्या आसपास ठेवा, जास्त तापलं तर बॉबिन वाकतो.

सातवी_तार
काका, काम चांगलंय, पण सिंगल कॉइलची घूं (विजेची गुणगुण) वेढे वाढवून जात नाही. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सनसाठी दोन उलट्या कॉइलचा हंबकर काढला तो त्याच घूंसाठी.

बेंजो_मास्तर
आमच्या बेंजोला मी तारेपासून दोन नाण्यांच्या जाडीएवढा लांब पिकअप ठेवतो. जवळ नेला की सूर मरतो. बेंजोत कुणाला इंटरेस्ट असेल तर सांगा, फोटो टाकतो.

जुना_हात
मास्तरांचं बरोबर आहे, पण वेगळं एक विचारतो. प्लग न लावता तोच बेंड वाजवून बघ. सूर तिथंही मरत असेल तर पिकअपचा काही संबंध नाही. ॲक्शन (तारांची उंची) खाली आणि फिंगरबोर्ड जास्त गोलाकार असला की तार वरच्या फ्रेटला टेकते. मिरजेत सतारीची जवारी (तारेखालची घोडी घासून सूर जुळवणं) करणारे कारागीर हे कान लावून ऐकतात. मी एका दुकानात गेलो होतो, त्यांनी न बघताच नवीन पिकअप विकला. ब्रिजचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून काम झालं असतं.

गंगावेश_रिफ
प्लग न लावता बेंड चांगला वाजतो, सूर लांबतो. मल्टी-इफेक्टचा (इफेक्टच्या पेटीचा) आउट होम थिएटरला लावला की चरचर.

सातवी_तार
होम थिएटर?! हे आधी सांगायचं ना भावा. मल्टी-इफेक्टमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) चालू आहे का?

गंगावेश_रिफ
बंद आहे. दादानं सांगितलेलं, ॲम्पला लावताना बंद ठेवायचं.

सातवी_तार
ॲम्पला, हो. होम थिएटर म्हणजे ॲम्प नव्हे. गिटारचा स्पीकर वरचं सगळं गाळतो. सेलेस्टियन व्हिंटेज ३० ची रेंज ७० ते ५००० हर्ट्झ. होम थिएटरचा ट्वीटर त्याच्या कितीतरी वर जातो आणि डिस्टॉर्शनची सगळी किचकिच बाहेर फेकतो. तुझी मोहरी तीच. मंडपात मिक्सरला थेट जाणार असलास तर तिथंही सिम चालू पाहिजे.

लेड_बॉक्स
तरी पिकअप जेबीच.

गंगावेश_रिफ
रात्री सिम चालू करून बघितलं. पहिला बेंड धरला आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, "आता गाणं वाटतंय" म्हणाली. चरचर गेली. नेक पिकअपवर (दांड्याजवळच्या) टोनचा नॉब चारवर ठेवला तर सूर खरंच ओढता येतोय. पण ब्रिजवर अजून पातळ आहे आणि घूं आहेच. तिन्ही सिंगल कॉइल आहेत. लाकूड कोरायचं नाही.

जुना_हात
मग सिंगल कॉइलच्या मापाचा हंबकर घे. मी डिमार्झिओ एअर नॉर्टन एस वापरतो, ब्रिजला. धार कमी, पोट भरलेलं. डंकनच्या हॉट रेल्सचा आउटपुट जास्त, पण मला तो करकरीत वाटला. स्ट्रॅटचे २५० के पॉट तसेच राहू देत, मऊपणाला तेच बरे. आणि घरात अर्थिंग तपासून घे. दोन पिनांच्या बोर्डवर असशील तर घूंचा निम्मा दोष तिथला असू शकतो.

गंगावेश_रिफ
दोन पिनांचाच बोर्ड आहे. वायरमनला बोलावतो. एअर नॉर्टन एस मागवतोय. सोल्डरिंग मीच करणार.

उद्यमनगर_वाइंडर
मग रंग लिहून घे. डिमार्झिओत लाल हॉट (सिग्नलची), हिरवी ग्राउंडला, काळी-पांढरी एकमेकींना जोडून टेप. डंकनचा नकाशा नेटवरून काढू नकोस. त्यात काळी हॉट असते आणि लाल-पांढरी जोडतात. जुन्या वायरी तोडायच्या आधी फोटो काढ.