कॉकटिएलची नखं आणि चोच घरी कापावी का?

मोगरीचा_वेल:
नर कॉकटिएल (तुऱ्याचा छोटा पोपट), नेहमीचा करडा रंग, वय ३ वर्षं, वजन ९२ ग्रॅम. नखं खांद्यावर टोचतात आणि टॉवेलच्या धाग्यांत अडकतात. चोचीचं वरचं टोकही पूर्वीपेक्षा लांब वाटतंय, बाजूने पांढरट पापुद्रे सुटतात. पिंजऱ्यात सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या दोन गोल दांड्या आहेत. खाणं म्हणजे मिक्स दाणे, त्यातही सूर्यफूल आधी संपतं. पक्ष्यांच्या दुकानात नेलकटरने दोन्ही एकदम कापून देतात म्हणे. तेच घरी केलं तर चालेल का? नखं काळपट आहेत, आतली नस दिसत नाही.

काठीवरचा:
नखं घरी कापा. चोच घरीही नको आणि दुकानातही नको. चोचीचं जाणकार सांगतील, मी नखांपुरतं लिहितो.

आधी खरंच वाढलीत का ते बघा. पक्ष्याला सपाट टेबलावर उभं करा. नखामुळे बोटाचं टोक टेबलावरून उचललं जात असेल तर नख लांब झालंय. बोट सपाट टेकतंय आणि नख नुसतं टोचतंय, तर कापायची गरजच नाही, टोक घासलं की पुरे.

तयारी: माणसांचा लहान, धारदार नेलकटर. बोथट कटर नख चेपतो आणि उभं चिरतो, त्यामुळे घरातला जुना नको. काचेची किंवा कागदी नेलफाइल. पातळ सुती नॅपकिन, टर्किशचा नको कारण त्यात नखं अडकतात. बशीत चमचाभर कॉर्नफ्लॉवर, आणि जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारी रक्त थांबवायची पावडर. हे सगळं पक्षी हातात घेण्याआधी उघडून ठेवायचं. रक्त यायला लागल्यावर डबीचं झाकण निघत नाही, हे ठरलेलं. पंखा बंद, खिडक्या बंद.

खाल्ल्यावर लगेच पकडू नका. गळ्याखालची पिशवी भरलेली असली तर धडपडीत दाणे उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतात. अंघोळीनंतर नखं जरा मऊ असतात, पण अंग वाळू द्या.

धरायला दोन माणसं लागतात. एकाने नॅपकिनमधून मागून धरायचं, अंगठा आणि तर्जनी जबड्याच्या दोन्ही बाजूंना, बाकीची बोटं पाठीभोवती सैल. छातीवर दाब अजिबात नको. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. ‘घट्ट धरलं म्हणून शांत झाला’ असं वाटतं तेव्हा बहुधा तो गुदमरत असतो. एका वेळी दोन-तीन मिनिटं, फार नाही. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागला तर त्याच क्षणी सोडा. उरलेली नखं उद्या. चार बोटं आज आणि चार दोन दिवसांनी, यात काहीच बिघडत नाही.

दुसऱ्याने नखाच्या बुडाशी बोट धरून स्थिर करायचं, नाहीतर पाय ओढताना सांधा पिरगळतो. नस दिसत नसेल तर नियम एकच: फक्त टोकाचा हुक, एका वेळी १ मिमी. दर कापानंतर कापलेली बाजू समोरून बघा. कोरडी, खडूसारखी दिसली तर अजून जागा आहे. मधोमध ओलसर किंवा गडद ठिपका दिसला की थांबा. शेवटी फाइलने कड गोल करा.

पायघडी:
वरच्यात रक्ताबद्दल भर घालते, कारण लोक घाबरतात ते तिथेच.

पक्ष्याच्या अंगात रक्त साधारण वजनाच्या दहा टक्के असतं. ९२ ग्रॅमच्या पक्ष्यात ९ मिलीच्या आसपास. धडधाकट पक्षी त्यातला दहावा हिस्सा, म्हणजे जेमतेम १ मिली किंवा पंधरा-वीस थेंब, सोसू शकतो. चार-पाच थेंब नॅपकिनवर भयंकर दिसतात, पण जिवावर बेतत नाहीत. न थांबणारी धार मात्र बेतते.

नस कापली गेली तर नखाचं टोक कॉर्नफ्लॉवरमध्ये दाबून एक-दोन मिनिटं धरा. मध्येच उचलून ‘थांबलं का’ बघितलं की धरलेली खपली निघते. थांबलं नाही तर औषधाची पावडर. ती झोंबते. फक्त नखाच्या टोकाला लावायची, कातडीवर किंवा तुटलेल्या पिसाच्या मुळाशी नाही, तिथे ती पेशी जाळते. उरलेली पुसून टाका, नाहीतर तो चोचीने साफ करताना गिळेल. हळद नको. रक्त थांबल्याचा भरवसा नाही आणि पिवळ्या लगद्याखाली वाहतंय की थांबलंय तेही कळत नाही. नंतर पिंजऱ्यात खाली पांढरा कागद घालून तासभर लक्ष ठेवा. दहा मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर.

खारा_वारा:
आता चोच. चोच म्हणजे मोठं नख नव्हे. आत हाड आहे, त्यावर जिवंत थर, आणि बाहेर नखासारखं कवच. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू टोकाच्या बऱ्याच जवळ येतात. नेलकटरने दाबलं की कवच उभं तडकतं, आणि ती चीर वाढीच्या मुळापर्यंत गेली तर चोच कायमची वाकडी वाढते. दुखल्यामुळे दाणा सोलता आला नाही तर एवढासा पक्षी एक-दोन दिवसांतच खचतो. पक्ष्यांचे डॉक्टर फिरत्या घासणीने थोडं थोडं घासतात, गरज पडली तर गॅसची भूल देऊन.

पापुद्रे सुटणं हे दुखणं नाही. बाहेरचा थर तसाच झडतो. झोपण्याआधी चोचीची करकर ऐकू येते ना, तेव्हा तो स्वतःच ती घासत असतो. निरोगी कॉकटिएलची चोच अशीच झिजत राहते, म्हणून लांब झालेली चोच हे बहुतेकदा लक्षण असतं. तुमच्या वर्णनात मला खटकतंय ते सूर्यफूल. तेलकट दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्यांच्या यकृतात चरबी साठते आणि चोच-नखं भराभर, ठिसूळ वाढतात. चोचीवर किंवा नखांवर मुका मार लागल्यासारखे काळे-लाल डाग, विष्ठेतल्या पांढऱ्या भागाला हिरवट-पिवळी झाक, पोटावर चरबीची गादी, यातलं काही दिसलं तर चोच घासण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. नुसती घासून आणली तर ती पुन्हा तेवढीच वाढेल. बजरी (बजरीगर जातीचे छोटे पोपट) पाळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट: चोचीच्या कोपऱ्यात पोळ्यासारखी भोकाभोकांची पांढरी खपली दिसली तर ते खरजेचे किडे. त्याचं औषध पक्ष्याच्या वजनावर डॉक्टरच ठरवतात, कुत्र्याचं औषध अंदाजाने देऊ नका.

सूर्यफूल एकदम बंद करू नका. नवं खाणं ओळखलं नाही तर तो उपाशी बसेल. आठवड्याला थोडं थोडं कमी करा, आणि रोज सकाळी खाण्याआधी स्वयंपाकघरातल्या १ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. ८३ ग्रॅमच्या खाली गेलं तर बदल थांबवून डॉक्टरांना फोन करा.

मोगरीचा_वेल:
धन्यवाद. काळे डाग नाहीत, पण चोच दाखवून घेते. दांड्या बदलायच्या तर कोणत्या? सँडपेपरची खोळ मिळते, ती घालू का? आणि समुद्रफेनाने (माकूळ या समुद्री जिवाचं पांढरं हाड) चोच झिजते का?

काठीवरचा:
खोळ नको. तळवे सोलवटतात, सूज येते, आणि नखांची टोकं तर दांडीला लागतही नाहीत. पेरूची फांदी आणा, साल न काढता, दीड ते अडीच सेंटिमीटर जाडीची, मुद्दाम वेडीवाकडी. फवारणी झालेल्या बागेतली नको. धुऊन कडक उन्हात वाळवा. बोटांनी दांडीला पाऊण वेढा पडावा, पूर्ण वेढा पडला तर फांदी बारीक. खडबडीत सिमेंटची दांडी घालायचीच तर एकच, पाण्याच्या वाटीजवळ. रात्री झोपतो तिथे कधीच नाही.

खारा_वारा:
समुद्रफेन कॅल्शियमसाठी चांगला, पण खडूइतका मऊ असल्यामुळे चोच झिजायला त्याचा फारसा उपयोग नाही. मऊ बाजू पक्ष्याकडे करून बांधा. चोचीला काम हवं तर फांदीची साल सोलू द्या.

पायघडी:
आणि पुढच्या वेळी पकडायची वेळच येऊ नये म्हणून आजपासून सवय लावा. राळ्याचं कणीस समोर धरायचं, तो टोचत असताना फाइल नुसती नखाला लावायची आणि बाजूला घ्यायची. पहिले काही दिवस एवढंच. मग एका नखावर एक घासणी. पाय मागे घेतला तर त्या दिवसापुरतं बंद, पण कणीस थोडं खाऊ द्यायचं.